उदबत्तीचा धूर, गुऱ्हाळाची चिमणी

आज अख्खा दिवस धुरात गेला राव, म्हणजे फोटोशॉपमधल्या. सांगलीजवळच्या एका गुऱ्हाळवाल्याच्या गुळाच्या बॉक्सचं डिझाईन करालोय, फोटो त्यांनीच मोबाईलवर काढलेला, चिमणी झकास पण धूर नाही, म्हणे "दादा, धुराशिवाय गुऱ्हाळ वाटतंय का?" बरोबरच आहे म्हणा.

आधी रेंडरमधला क्लाऊड्स फिल्टर मारला, वॉर्प केला, ब्लर केला, दिसायला लागला पिंजलेला कापूस. मग घरी विश्रामबागला येऊन खिडक्या बंद, पंखा बंद, मागं काळी चादर, बाजूनं टॉर्च आणि पुढं उदबत्ती. आई म्हणाली "आज कुठला सण काढलास रं?" साठेक फोटोतले चार कामाचे निघाले.

काळ्यावरचा धूर फोटोवर ठेवून स्क्रीन मोडवर (थर मिसळायची एक पद्धत) टाकला की काळं आपोआप जातं हे माहीत होतं, पण इथं मागं दुपारचं पांढरंफटक आभाळ, त्यात धूरच गायब!! अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी कंट्रोल आय दाबून धुराचे रंग उलटे केले, म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि मल्टिप्लाय मोड लावला, त्यात पांढरं जातं नि गडद उरतं, तेव्हा कुठं धूर दिसला. गंमत म्हणजे उदबत्तीच्या धुराची निळसर झाक उलटून तपकिरी झाली, आणि उजेडापुढं खरा धूर तसाच तर दिसतो. मग मास्कनं, म्हणजे नको तेवढा भाग झाकून, चिमणीच्या तोंडाशी दाट, वर विरळ केला, आणि मागच्या नारळाच्या झावळ्या ज्या बाजूला झुकल्यात तिकडंच वळवला.

पाठवला तर रिप्लाय, "दादा, लई झाला ओ, लोकं प्रदूषण म्हणतील."

धुराची ओपॅसिटी (गडदपणा) 40 टक्क्यांवर आणून परत पाठवलाय. घरात अजून मोगऱ्याचा वास मारतोय.