प्लाझ्मा पल्सच्या आड येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: फेम्टोसेकंद लेझरने (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) धातू कोरताना ठिणगी चांगली डोळ्यांना दिसते, मग तो प्लाझ्मा, म्हणजे तापून आयन-इलेक्ट्रॉन सुटे झालेली वाफ, लेझरचाच प्रकाश अडवत नाही का?

ज्या पल्सने, म्हणजे प्रकाशाच्या ज्या क्षणिक झोताने, तो उठवला, तिचा नाही. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन जातो. तेवढ्यात वरच्या दहा-वीस नॅनोमीटर थरातले मुक्त इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषून हजारो अंशांवर पोचतात. अणू मात्र अजून गारच. ती ऊर्जा अणूंकडे जायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात. धातू उसळून बाहेर पडतो तोवर पल्स केव्हाच संपलेली असते. नॅनोसेकंद लेझरचं (त्याची पल्स लाखो पट लांब) तसं नाही. तिथे पल्सच्या सुरुवातीने वाफ उठते आणि उरलेली पल्स त्या वाफेतच जिरते. (फेम्टोसेकंद लेझरच्या कोरण्याला ‘कोल्ड ॲब्लेशन’, म्हणजे गार कोरणी, म्हणतात; ते नाव फसवं आहे. गार राहतो तो आजूबाजूचा धातू, उडणारा नव्हे.)

खरी अडचण येते हवेमुळे. १०० मायक्रोज्यूलची १०० फेम्टोसेकंदांची पल्स म्हणजे १ गिगावॅट. ती २० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर आणली की चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० लाख कोटी वॅट होतात. एवढ्या तीव्रतेला हवेचंच आयनीभवन होतं, म्हणजे तिच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, किरण विस्कटतो आणि खड्डा वेडावाकडा पडतो. ओळखायचं सोपं आहे: संरक्षक चष्मा लावून, मागे बीम-ब्लॉक (किरण अडवणारा ठोकळा) ठेवून, पत्रा काढून घ्या. नुसत्या हवेत ठिणगी दिसली, तर दोष धातूचा नाही. ऊर्जा ३ मायक्रोज्यूलवर आणा; चौरस सेंटिमीटरला साधारण १ ज्यूल पडतो आणि बहुतेक धातूंना तो पुरतो. जास्तच ऊर्जा हवी असेल तर हेलियम सोडा, त्याचं आयनीभवन हवेपेक्षा कठीण.

दुसरी अडचण पुढच्या पल्सची. ५०० किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५ लाख पल्स असताना, दोन पल्समध्ये फक्त २ मायक्रोसेकंद असतात. आयन भराभर निघून जातात, पण मागचे नॅनोकण रेंगाळतात आणि पुढची पल्स त्यांच्यात विखुरते. भोकाभोवती काळी भुकटी आणि प्रत्येक फेरीला कमी होत जाणारी खोली दिसली, की आधी इथे बघा. स्कॅनचा वेग सेकंदाला ५ मीटर ठेवला तर ठिपका दर पल्सला १० मायक्रॉन, म्हणजे अर्धा व्यास, सरकतो. बाजूने शोषण-नळी लावा. ऊर्जा वाढवून खोली मिळवायचा मोह मात्र टाळा, कण आणखी वाढतात.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. तीव्रता चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी वॅटच्या वर आणि सरासरी शक्तीही जास्त असेल, तर या प्लाझ्मातून क्ष-किरण निघतात. एका पल्सचे नगण्य, पण सेकंदाला लाखो पल्स असल्या की मात्रा साठत जाते. लेझरचा चष्मा त्यासाठी नसतो. यंत्राभोवती धातूची बंद पेटी हवी, दाराला इंटरलॉक (दार उघडताच लेझर बंद करणारी कळ) हवा, आणि मोजायला मऊ क्ष-किरण पकडणारा मीटर हवा.