आठ दिवस

ऑफिस नऊला उघडतं. त्या दिवशी पावणेनऊलाच एक मुलगा पायरीवर बसलेला. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात घरातल्या स्लिपर. माझ्या शर्टावरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीतच म्हणाला, "ताई, माझी गाडी चोरीला गेली."

चोरीला नव्हती गेली. पहाटे टो झाली होती.

टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या अर्व्हिंगला, मी एका अपार्टमेंटच्या लीझिंग ऑफिसात काम करते. म्हणजे घरमालकाच्या बाजूची. असं कुणी आलं की बोलायचं वाक्य ठरलेलं: पार्किंगचे नियम लीझमध्ये, म्हणजे भाडेकरारात आहेत. पण हा सांगलीकडचा, येऊन पाच महिने झालेले. "कुठल्या चौकीत जाऊ?" म्हणून विचारत होता. इथं चौकी नाही, खासगी टो कंपनीचं यार्ड असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पार्किंगचा नियम बदलला होता आणि गाडीवर नवा परमिट स्टिकर नव्हता, हे कारण. "नोटीस वाचली नाहीस? पत्रपेट्यांच्या खोलीत लावली होती."

"ताई, मला इथं पत्र कोण पाठवणार? मी त्या खोलीत जातच नाही."

हसू आलं, आणि लगेच ओशाळायलाही झालं. ती नोटीस मीच चिकटवली होती. चार कोपऱ्यांना सेलोटेप लावून.

फाइल काढली. नोटिशीवर ३ तारीख, टो ११ ला. आठ दिवस. टेक्ससचा प्रॉपर्टी कोड, म्हणजे घर-जमिनीचा कायदा, सांगतो की लीझ चालू असताना पार्किंगचा नियम बदलला, तर भाडेकरूला नोटीस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत तो लागू करता येत नाही. आणि पोहोचली हे सिद्ध करायचं घरमालकानं. कुणी, कधी, कशी दिली याची नोंद हवी. आमच्या फाइलीत नोंदीच्या जागी काहीच नव्हतं. टो करण्याचा इशारा देणारी फाटकावरची लाल पाटी मात्र कायद्याच्या मापात चोख: १८ इंच रुंद, २४ इंच उंच. आम्ही पाटी मोजली होती, दिवस मोजले नव्हते.

त्याला म्हटलं, आधी पैसे भर आणि गाडी सोडव. रागानं तिथंच ठेवलीस तर यार्डाचं रोजचं भाडं चढत राहील. पावती जपून ठेव. जस्टिस ऑफ द पीस कोर्टात, म्हणजे इथल्या छोट्या स्थानिक कोर्टात, सुनावणी मागता येते, पण १४ दिवसांच्या आत. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि आमच्या मॅनेजरला नोटिशीची तारीख विचार. लेखी विचार."

हे सांगायला मी नको होते कदाचित. दुपारी त्याची ईमेल आली तेव्हा मॅनेजर म्हणाली, नियम सगळ्यांना सारखाच होता. मी फाइल तिच्यापुढं ठेवली. कोर्टात हरलो तर टो आणि यार्डाचा खर्च, वर १०० डॉलर दंड, शिवाय समोरच्याच्या वकिलाची फी, हेही सांगितलं. नोटीस कुणी लावली, हे तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं.

कोर्टापर्यंत गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण रकमेचा चेक निघाला, "चूक मान्य नाही" अशा ओळीसकट.

आणि मला काम लागलं. नवी तारीख टाकून तीच नोटीस छापली आणि दारोदार हातात द्यायला निघाले, एकशे शहाऐंशी घरं, ऑगस्टचं ऊन. मागच्या इमारतीत त्याचं दार उघडलं. सही करण्याआधी त्यानं तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?"