श्वासाचा दाब, रक्ताची वाट
जठराला पीळ पडलेला ३२ किलोचा नर कुत्रा टेबलावर आला तेव्हा त्याच्या हिरड्या फिकट पडल्या होत्या आणि मांडीतली नाडी बोटाला जेमतेम लागत होती. कोंडलेला वायू नळीने आधीच काढला होता, शल्यचिकित्सक सरांनी पोट उघडून पीळही सोडवला. भूल आणि व्हेंटिलेटर माझ्याकडे होते.

फुगलेल्या जठराने श्वासपटल वर रेटलेले असल्यामुळे फुप्फुसांचा काही भाग मिटलेला असणार, हे मी गृहीत धरले होते, आणि शुद्ध ऑक्सिजन चालू असूनही रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, ९१ टक्क्यांवर आले तेव्हा मिटलेले वायुकोश उघडावेत म्हणून उच्छ्वासाअखेरचा दाब, म्हणजे पीप, मी ५ वरून १० सेंटिमीटर पाण्याइतका केला. श्वासाचा कमाल दाबही त्याच बेताने १५ वरून २० वर गेला. धमनीतल्या नळीवर सरासरी रक्तदाब ७४ होता. तो तीन-चार मिनिटांत ४८ वर उतरला.

"सर, महाशिरेवर काही दाबलं जातंय का?" हृदयाकडे रक्त नेणारी ती मोठी शीर हाताखाली चेपली जात असेल, म्हणून मी विचारले. त्यांनी दोन्ही हात बाहेर काढून धरले. दाब वर आला नाही.

मग माझी नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर गेली. तो ३८ वरून २७ वर आला होता. एरवी असा आकडा पाहून व्हेंटिलेटर जास्त श्वास देत आहे असे म्हटले असते. पण श्वासांची गती मिनिटाला १२ च होती आणि दर श्वासाला आत जाणारी हवाही जवळपास तेवढीच होती. म्हणजे वायू बाहेर जाण्यात काही बदललेले नव्हते, फुप्फुसांपर्यंत तो आणणारे रक्तच कमी झाले होते. धमनीच्या आलेखातही तेच दिसत होते: यंत्राचा श्वास आत गेला की दोन-तीन ठोक्यांनी लाटा बुटक्या होत, उच्छ्वासात पुन्हा उंचावत. हे डोलणे मला आधीच दिसायला हवे होते.

आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि शिरांतले रक्त हृदयाकडे ओढले जाते. यंत्र हवा आत ढकलते तेव्हा हे उलटे होते: छातीतला दाब चढतो, उजव्या अलिंदात येणाऱ्या रक्ताला अडसर होतो, आणि ताणलेल्या वायुकोशांच्या भिंतींतल्या केशवाहिन्या चेपल्या गेल्याने उजव्या निलयाला रक्त पुढे ढकलायलाही जास्त जोर लागतो. शिरांत भरपूर रक्त असलेले जनावर हे बरेचसे सोसते. या कुत्र्याच्या शिरा तर रिकाम्या होत्या.

खात्रीसाठी मी दहा सेकंद श्वासनळीतली नळी व्हेंटिलेटरपासून सोडवली. त्या दहा सेकंदांतच लाटा उंच होत गेल्या, तेव्हा शंका उरली नाही. पीप ४ वर आणला, १५ मिनिटांत ३२० मिलिलिटर सलाइन दिले आणि श्वास आत देण्याचा वेळ एका सेकंदावर आणला, जेणेकरून पाच सेकंदांच्या चक्रातले चार सेकंद छाती मोकळी राहावी. १९४८ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंद्रे कूर्नां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरच्या अभ्यासात दाखवले होते की उच्छ्वासाला पुरेसा वेळ मिळून दाब शून्याजवळ उतरला, तर हृदय बाहेर टाकत असलेले रक्त फारसे घटत नाही. तेव्हापासून भूलशास्त्रात या वेळेला असलेले महत्त्व मी शिकवताना नेहमी सांगत आले आहे, आणि घाईच्या त्या मिनिटांत मीच ते विसरले होते.

रक्तदाब ७० वर स्थिरावला, कार्बन डायऑक्साइड ३७ झाला आणि सॅच्युरेशन ९५ वर गेले. पीप कमी करूनही ऑक्सिजन सुधारला, याचे विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटले; पण शरीराकडून परतणाऱ्या रक्तात आता ऑक्सिजन जास्त उरत होता आणि तेच रक्त फुप्फुसांच्या मिटलेल्या भागातून पुढे जात होते.

शेवटचा टाका पडल्यावर मी व्हेंटिलेटर बंद केला आणि भूलयंत्राच्या श्वासाच्या पिशवीवर हात ठेवून थांबले. पिशवी हलकेच आत ओढली गेली. त्याचा तो पहिला स्वतःचा श्वास होता, आणि पडद्यावर धमनीच्या लाटा एका उंचीच्या, शांत चालल्या होत्या.