फडताळाच्या दारावरची रेघ

गेल्या रविवारी दुपारी जेवणानंतर डोळा लागू नये म्हणून हातात घेतलेली कादंबरी पाचच्या सुमारास संपली. संपली म्हणण्यापेक्षा थांबली. डॅचेरी नावाचा एक पाहुणा न्याहारीला बसण्यापूर्वी कोपऱ्यातले फडताळ उघडतो, आतला खडू घेऊन दारावर वरपासून खालपर्यंत एक जाड रेघ ओढतो आणि मग भुकेल्या माणसासारखा खाण्यावर तुटून पडतो. त्यापुढे काही नाही. चार्ल्स डिकन्सने 8 जून 1870 रोजी बागेतल्या लाकडी बंगलीत बसून इथवर लिहिले, संध्याकाळी जेवणाच्या वेळी तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे बारा मासिक भाग व्हायचे होते, त्याच्या हयातीत तीन निघाले, मागाहून आणखी तीन. म्हणजे खुनाची गोष्ट बरोबर निम्मी आपल्या हाती आहे.

रहस्यकथेच्या बाबतीत माझी एक खोड आहे. पुस्तक निम्मे झाले की मी एका चिठ्ठीवर खुन्याचे नाव लिहिते, चिठ्ठीची घडी घालते आणि ती शेवटच्या पानात ठेवून देते. शेवटी ती उघडायची, आणि बरोबर निघाली तर घरात दोन दिवस मान ताठ करून वावरायचे. या पुस्तकात चिठ्ठी लिहायची वेळ आणि पुस्तक मिटायची वेळ एकच आली. मी नाव लिहिले, घडी घातली आणि ती पडताळायची कशावर ते न कळून बराच वेळ तशीच बसून राहिले.

गोष्ट तशी साधी आहे. क्लॉइस्टरहॅम नावाच्या गावात, म्हणजे खरे तर डिकन्सच्या ओळखीच्या रॉचेस्टरमध्ये, चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख जॉन जॅस्पर राहतो. तो लंडनला जाऊन चोरून अफू ओढतो आणि भाच्याच्या वाग्दत्त वधूवर त्याचा डोळा असतो. नाताळाच्या आदल्या वादळी रात्रीनंतर भाचा एडविन दिसेनासा होतो. त्याचे घड्याळ आणि टायपिन नदीच्या बांधापाशी सापडते, प्रेत मात्र सापडत नाही. प्रेत नाही म्हटल्यावर तर्कांना जागा झाली, आणि ती गेली दीडशे वर्षे भरते आहे.

निम्मे भांडण त्या डॅचेरीचे आहे. दाट पांढरे केस, काळ्या भुवया, टोपी डोक्यावर नाही हेसुद्धा ज्याच्या लक्षात राहत नाही असा हा माणूस अचानक गावात येऊन जॅस्परवर पाळत ठेवतो. हा केसांचा टोप घातलेला कोण? रिचर्ड प्रॉक्टर या खगोलशास्त्रज्ञाने 1887 मध्ये पुस्तकच लिहून सांगितले की हा खुद्द एडविन, मेलेलाच नाही. कमिंग वॉल्टर्स यांनी 1905 मध्ये त्याच तडफेने मांडले की ही कादंबरीतलीच, सिलोनहून आलेली हेलेना आहे, कारण ती लहानपणी मुलाच्या वेशात घरातून पळाली होती. ग्रह-ताऱ्यांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला टोपाखालचे डोके ओळखायचा मोह का व्हावा, हे मला पूर्वी कळले नसते, आता कळते.

माझ्या चिठ्ठीवर खुनी म्हणून जॅस्परचे नाव आहे आणि त्याखाली, वेगळ्या शाईने, डॅचेरी म्हणून बॅझर्डचे. बॅझर्ड हा वकील ग्र्युजियस यांचा कारकून. त्याने एक शोकांतिका लिहिली आहे, तिचा प्रयोग करायला कोणी तयार नाही आणि त्यामुळे तो सगळ्या जगावर रुसलेला आहे. ऐन मोक्याच्या वेळी ग्र्युजियस सहज सांगून जातात की बॅझर्ड सध्या कामावर नाही. ज्याचे नाटक कोणी उभे करत नाही त्याला एकदा टोप लावून गावभर वावरायला मिळाले असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. हा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे.

गंमत अशी की खुनी कोण हे लेखकाने दडवून ठेवलेलेच नव्हते. त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवले आहे की मामाने भाच्याचा खून केला असे ठरले होते, चुनकळीत प्रेत नाहीसे झाले तरी सोन्याची अंगठी उरणार होती आणि शेवटची प्रकरणे फाशीच्या कोठडीत घडायची होती. चित्रकार ल्यूक फाइल्ड्सने पुढे सांगितले की जॅस्परच्या गळ्यातला रुमाल दुहेरी वेढ्याइतका लांब काढायला डिकन्सने त्याला बजावले होते, कारण गळा आवळायला तोच वापरायचा होता. थोरल्या मुलाने तर विचारलेच होते, आणि बापाने एडविन मेला म्हणून सांगितले होते. एवढ्यावर खटला संपायला हवा. पण आवडत्या लेखकाने इतके सोपे उत्तर योजले असेल हे भक्तांना सोसत नाही. तो मित्राला आणि पोटच्या मुलालाही फसवत असणार, असे ते म्हणतात. मासिक भागांच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला कंदील घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरणारा एक माणूस आहे आणि त्याच्यासमोर टोपी-कोटातली एक आकृती उभी आहे. ती आकृती एडविनची, त्याच्या भुताची, डॅचेरीची की हेलेनाची, यावर किती शाई सांडली असेल त्याला सुमार नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका मुद्रकाने 1873 मध्ये डिकन्सच्या आत्म्याने सांगितली म्हणून उरलेली कादंबरीच छापून टाकली. आमच्याकडे प्लँचेटवर नापास-पास विचारत असत, तेही त्या मानाने बरे.

एक तर्क थेट आपल्या अंगणात येतो. हॉवर्ड डफील्ड यांनी 1930 मध्ये मांडले की जॅस्पर हा ठग आहे आणि त्याचा तो लांब रुमाल म्हणजे ठगांचाच रुमाल. ठगांवर इंग्रजीत गाजलेली कादंबरी 1839 ची, आणि ती लिहिणारा मेडोज टेलर पुढे नळदुर्गात अधिकारी होता. नळदुर्गापासून तुळजापूर ते किती दूर! चर्चमध्ये स्तोत्रे म्हणवणाऱ्या जॅस्परला भवानीच्या नावाने गळे आवळायला लावणारा हा तर्क आमच्या आजीने ऐकला असता तर तिने चहाची कपबशी खाली ठेवून सांगणाऱ्याकडे नुसते पाहिले असते. आमची कुलदेवता तुळजापूरची.

लंडनकरांनी मात्र एकदा याचा रीतसर निकाल लावायचे मनावर घेतले. 7 जानेवारी 1914 रोजी कोव्हेंट गार्डनच्या किंग्ज हॉलमध्ये डिकन्सप्रेमींनी जॅस्परवर खटला भरला. न्यायासनावर लेखक जी. के. चेस्टरटन, ज्युरीचे प्रमुख नाटककार बर्नार्ड शॉ, आणि फिर्यादी पक्षाकडून हेलेनावाले वॉल्टर्स. साक्षी झाल्या, भाषणे झाली, आणि शॉ यांनी उठून सांगितले की ज्युरीने प्रथेप्रमाणे निकाल जेवणाच्या सुट्टीतच ठरवून टाकला आहे: खून नव्हे, सदोष मनुष्यवध. यावर चेस्टरटन यांनी स्वतःला वगळून सभागृहातल्या सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला. इतका खर्च आणि इतकी माणसे गोळा करून हाती काय लागले, असे मला विचारू नये. मला त्या सभागृहात जागा मिळाली असती तर मीही दंड भरला असता.

या सगळ्यात मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मार्च 1870 मध्ये, पहिला भाग निघण्यापूर्वी, डिकन्सने दरबारातल्या एका अधिकाऱ्याला कळवले होते की राणी व्हिक्टोरियाची इच्छा असेल तर प्रजेच्या आधी तिला गोष्टीतले थोडे पुढचे सांगायला तो तयार आहे. राणीने विचारले नाही. तिला कामे असतील.

आमच्या वाईच्या जुन्या घरी माजघरात एक फडताळ होते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आजीने कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, एकोणीस. त्यांतली सातवी आडवी छेदलेली. डॅचेरी म्हणतो की त्याला खानावळवाल्यांची ही जुनी हिशेबाची रीत आवडते, कारण रेघ ओढणाऱ्याखेरीज ती कोणाला वाचता येत नाही. आजीच्या रेघा आम्ही रोज पाहत होतो. लोणच्याची बरणी काढायला दार उघडले की त्या दिसत. आणि ती तिथेच, हातभर अंतरावर, चुलीपाशी बसलेली असे. आम्ही कोणी विचारले नाही. आम्हाला तर कामेही नव्हती.

ती गेल्यावर बाराव्याच्या दिवशी तर्क सुरू झाले आणि अजून थांबलेले नाहीत. आत्या म्हणते, सोळा सोमवारांचे व्रत. मग वरचे तीन कसले, यावर ती म्हणते, चुकलेले सोमवार पुन्हा केले असतील. काका म्हणतात, शेजाऱ्यांना उसने दिलेले पैसे. दुधाचा रतीब तर नक्कीच नाही, तो कॅलेंडरवर मांडलेला असे. दादा पहिल्यापासून रॉकेलवर अडून बसला आहे. रॉकेल आमच्याकडे रेशनवर येत असे, आजोबा स्वतः डबा घेऊन रांगेत उभे राहत आणि त्याचा हिशेब त्यांच्या वहीत असे, हे मी त्याला दर दिवाळीला ऐकवते.

माझे मत असे की लग्न होऊन आल्यापासून आजी जितक्या वेळा माहेरी जाऊन राहिली, तितक्या त्या रेघा असाव्यात. आणि सातव्या खेपेला सगळी बांधाबांध झाल्यावर काहीतरी होऊन तिला जाता आले नसावे. दादाला हे पटत नाही. पुरावा काय, असे तो विचारतो, आणि पुन्हा रॉकेलवर येतो.