वेलस्ली मोहीम, टेबल चौथं : असई (23 सप्टेंबर 1803)

आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीच्या भारतातल्या लढाया टेबलावर छोट्या बाहुल्या आणि डाइस घेऊन खेळायची ही मालिका; एक लढाई म्हणजे एक टेबल. सुलतानपेठेची बाग, धोंड्या वाघ आणि अहमदनगरची पेठ ही तीन टेबलं झाली. अडगाव आणि गाविलगड अजून बाकी आहेत. मालिकेचा नियम एकच : आधीच्या टेबलावर जे शिकलं, ते पुढच्या टेबलावर कार्ड म्हणून हातात येतं. 1793 साली पैसे भरून 33व्या पलटणीत लेफ्टनंट कर्नल झालेला आर्थर वेलस्ली एप्रिल 1799 मध्ये रात्रीच्या अंधारात, जागा न पाहता सुलतानपेठेच्या बागेत शिरला आणि मार खाऊन बाहेर आला. दिवसाउजेडी टेहळणी न करता तयार शत्रूवर रात्री चालून जायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. म्हणून पहिल्या टेबलावर हरलेल्या खेळाडूला 'टेहळणी' कार्ड मिळतं. असईत ते नेमकं एका उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेवर, खर्ची पडतं. या टेबलाची सगळी मेहनत त्या उताराभोवती आहे.

पाया 180 × 120 सेंमी, 60 सेंमीचे तीन तुकडे. खाली 6 मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्याचा बोर्ड), वर 25 मिमी एक्सपीएस (घट्ट फोमचा बोर्ड). जमिनीचं माप 1 सेंमी = 20 मीटर, बाहुल्या 10 मिमीच्या. थर्मोकोल नको. पात्याने कापताना दाणे उडतात, काठ तुटतो, आणि स्प्रे प्रायमर लागला की चक्क वितळतो. एक्सपीएसही स्प्रेने वितळतं, म्हणून आधी फेव्हिकॉल-पाणी (1:2) आणि काळा ॲक्रिलिक असा एक पूर्ण हात ब्रशने द्यायचा.

आता नद्या. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई, पूर्वेला संगम, आणि मध्ये दीडेक किलोमीटरची जमिनीची पट्टी. शिंदे-भोसल्यांची फौज केळनेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभी. जवळपास उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीने पिंपळगाव आणि वरुड ही दोन गावं समोरासमोर पाहिली आणि इतकी जवळची गावं नदी ओलांडल्याशिवाय राहणार नाहीत, असा तर्क बांधला. तो बरोबर ठरला.

टेबलावर हे साधायचं तर उतार दिसलाही पाहिजे आणि ओरडलाही नाही पाहिजे. नदीचं पात्र 12 मिमी खोल कापलं, काठ उभे ठेवले. चार ठिकाणी गुरांच्या वाटा उतरवल्या; त्यातल्या तीन एकाच काठावर, म्हणजे नुसते पाणवठे. चौथ्या जागी दोन्ही काठांना वाट आणि दोन्हीकडे पाच-सहा घरं. तिथे तळ पुट्टीने फक्त 2 मिमी उचलला. जास्त उचलला तर पाणी म्हणून ओतलेल्या पारदर्शक रेझिनमधून फिका पट्टा दिसतो आणि खेळ पहिल्याच चालीत उघडा पडतो.

रेझिनमध्ये मातकट रंगाचे दोनच थेंब. सप्टेंबरचं पाणी आहे, निळं अजिबात नको. 1.5 मिमीचे दोन थर, दोन्ही नद्यांना मिळून प्रत्येक थराला 110 मिली. एकदम जाड ओतलं तर रेझिन तापतं आणि खालचा फोम बसतो. तुकड्यांची टोकं पॅकिंग टेपने बंद केली, तरी रेझिन टेपवर चढतं आणि जोडावर कंगोरा राहतो. 24 तासांनी टेप काढून तो पात्याने सपाट करायचा. दमट हवेत ओतलं तर वरचा थर दुधाळ आणि चिकट राहतो. पावसाळी दिवशी बाटली उघडूच नये.

रंगाची चूक बहुतेक टेबलांवर दिसते : सगळं मैदान वाळवंटी पिवळं. पावसाळा संपताना या भागातली काळी जमीन ओली असते, पिकं उभी असतात. काळा आणि रॉ अंबर 1:2, त्यावर चाळलेली माती, मग हिरवी पिकं.

पलटणींचा हिशेब. शिंद्यांच्या बाजूला पोलमन या सरदाराच्या 8, बेगम समरूच्या 5, ड्युपाँ या सरदाराच्या 4, अशा 17 कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणी, मिळून सुमारे 10,800 माणूस. पलटणीमागे साधारण 635. तीन रांगांत उभं केलं तर पलटणीचा मोहरा (समोरची रुंदी) टेबलावर 6 सेंमी, एकूण 102. दोन नद्यांमधल्या पट्टीची रुंदी 80. म्हणजे पोलमनने ओळ काटकोनात पूर्वेकडे फिरवली की सगळ्या पलटणी एका रांगेत मावतच नाहीत. उरलेल्या असईत आणि जुईच्या काठाने लावाव्या लागतात. फौज इतक्या शिस्तीत फिरेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. म्हणून या वळणाला डाइस ठेवलेला नाही, ते होतंच. शिंद्यांच्या कंपूंना (या कवायती पलटणींच्या ब्रिगेडना) 'अर्धवट कवायती' मानून दंड लावणारे नियम इथे साफ चुकीचे आहेत.

समोर वेलस्लीकडे 74वी आणि 78वी हायलँडर (स्कॉटिश पलटणी), चार मद्रासी पलटणी, पिकेट (पहाऱ्याच्या तुकड्या), आणि घोडदळाची चार पथकं. 78व्या पलटणीचे कॉलर-कफ बदामी आहेत. 10 मिमीत पांढऱ्या पट्ट्यांशेजारी बदामी हरवतो, त्यात थोडा पिवळा ऑकर मिसळून गडद करा. 74वीचे पांढरेच.

ऑरॉक या अधिकाऱ्याच्या हाताखालचे पिकेट दर चालीला डाइसवर 1-3 पडले तर आपोआप असईकडे सरकतात आणि 74वी मागोमाग जाते. गावाभोवतीची मातीची भिंत 16 मिमी उंच आहे, तिच्या आसऱ्याच्या तोफा बाकीचं काम करतात.

गोलंदाजांचा नियम तिसऱ्यांदा लिहिला. तोफखान्यावरून पलटण पुढे गेली की बेस (बाहुल्या चिकटवलेली पट्टी) उचलायचा नाही, गोलंदाज आडवे ठेवायचे. 4 सेंमीच्या आत शत्रू उरला नाही तर पुढच्या चालीला 5-6 वर ते उठतात आणि पाठीत मारा करतात. शिंद्यांच्या गोलंदाजांनी असईत हेच केलं. त्या तोफा परत घ्यायला 78वीला माघारी वळावं लागलं आणि वेलस्लीने स्वतः 7वं मद्रासी घोडदळ घातलं. आधीच्या मसुद्यात 4-6 होतं. त्याने ईस्ट इंडिया कंपनीची (वेलस्लीची) ओळ जागची हललीच नाही.

98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. 8 तोफांना एक बेस धरून 12 बेस लागतात. 7 रंगवून झाले. प्रत्येक बेसला उभे आणि आडवे, असे गोलंदाजांचे दोन संच लागतात. आडवे विकत मिळत नाहीत. उभ्यांचे पाय घोट्यापाशी कापून, हात गरम पाण्यात वाकवून, पुट्टीत अर्धे दाबून बसवायचे. एका संचाला चार बाहुल्या, म्हणजे आणखी 20 कापायच्या आहेत.