धूर मारण्याआधी ढीग शोधा

निफाड तालुक्यातल्या द्राक्षपट्ट्यात मी आरोग्य सेवक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका वस्तीवरून सरपंचांचा फोन आला, "भाऊ, माश्या लोकांना जेवू देईनात. धूर फवारणीचं मशीन घेऊन या."

आशाताईंना बरोबर घेऊन गेलो. पहिल्याच घरात ताटावरची जाळी माश्यांनी काळी झालेली. विजेच्या वायरीवर, गोठ्यातल्या दाव्यांवर रांगाच रांगा. शेजारच्या घरी लहान मुलाला जुलाब लागले होते. त्याला ओआरएस सुरू केलं, आईला पाणी उकळायला सांगितलं आणि मशीन गाडीतच ठेवलं.

धुरानं उडत्या माश्या तेवढ्या पडतात. उकाड्याच्या दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला 8 ते 10 दिवस पुरतात आणि मादी एका खेपेला 100 च्या वर अंडी घालते. त्या जन्मतात कुठं, हे सापडल्याशिवाय मशीन फिरवणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं, असं माझं ठाम मत आहे.

गटार वाहतं होतं. उकिरडे उकरले, त्यांत अळ्या मोजक्याच. मग रस्त्याकडेला, एका बागेच्या बांधाला कोंबडखताचा ढीग दिसला. उघडाच, पावसानं भिजलेला. वासानं डोळे चुरचुरले. खुरप्यानं वरचा थर बाजूला केला तर खत अक्षरशः हलत होतं, इतक्या पांढऱ्या अळ्या. हातभर आत मात्र ढीग चांगलाच तापलेला, तिथं एकही अळी नाही. कडेच्या कोरड्या मातीत गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष पडले होते. एक नखानं फोडून बागवाल्या काकांच्या तळहातावर ठेवला. आत पंख न उघडलेली माशी.

काका बराच वेळ बघत राहिले. "वरून माती लोटू का?"

"पातळ मातीनं भागत नाही काका. कोषातून निघालेली माशी भुसभुशीत माती ढकलून वर येते."

ढिगाच्या आतली उष्णता अळ्यांना सोसत नाही, तिचाच उपयोग केला. वरचा ओला थर आणि कडेची कोषांची माती खरवडून आत घातली. वर शेततळ्याचा जुना प्लास्टिकचा कागद ओढला आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी मातीत घट्ट गाडल्या. कडा मोकळ्या राहिल्या तर अळ्या तिथूनच बाहेर सरकतात, म्हणून त्या मी स्वतः फिरून तपासल्या.

फवारणी झाली नाही म्हणून वस्तीवर नाराजी होतीच. आत्ता उडणाऱ्या माश्या अजून दोन-तीन आठवडे जगतील, तोवर अन्न झाका, शेण रोज उचला, पोरांची शी लगेच आवरा, असं घरोघरी सांगितलं. पुढच्या फेरीला आलो तेव्हा दावी मोकळी दिसली आणि ते पोर अंगणात खेळत होतं.

काकांना चिंता वेगळीच होती, "कागदाखाली खत खराब तर नाही ना होणार?" उघड्या ढिगातलं नत्र उडून आणि पावसानं वाहून जातं, झाकल्यावर ते बरंचसं खतातच राहतं, असं सांगितलं. ते ऐकून शेजारच्या बागवाल्यांनीही आपापले ढीग झाकायला घेतले.