कोनाड्याला पाय फुटले

जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असायच्या. त्यामुळे वस्तू भिंतीजवळ ठेवायचा प्रश्नच यायचा नाही, ती भिंतीतच ठेवायची. दिव्याला देवळी, अडकित्त्याला आणि तपकिरीच्या डबीला कोनाडा, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ, टोपीला खुंटी. ओटीवर फर्निचर म्हणाल तर एखादी बैठक आणि वर झोपाळा. खोली मोकळी आणि भिंती भरलेल्या.

आता फ्लॅटमधली आतली भिंत चार इंचांची. तिच्यात कोनाडा कोरायला घेतलात तर हात थेट पलीकडच्या बेडरूममध्ये निघेल. पण हातातली किल्ली ठेवायला जागा तर हवी. मग बिचारा कोनाडा भिंतीतून बाहेर आला, त्याला पाय फुटले, आणि आता तो दारातून आत शिरल्याशिरल्या उजव्या हाताला उभा असतो. इंटिरिअरवाले त्याला कन्सोल म्हणतात.

कन्सोल टेबल हा टेबलांच्या जातीतला विचित्रच प्राणी. उंची ३० ते ३२ इंच, खोली जेमतेम १२-१५ इंच, लांबी भिंत देईल तेवढी. त्यावर जेवता येत नाही, लिहिता येत नाही, त्याला खुर्ची लावत नाहीत. मधे ठेवलंत तर वाटेत येतं. ते भिंतीलाच शोभतं, आणि तिथे शोभण्याखेरीज त्याच्याकडून फारशी अपेक्षाही नसते. पाहुण्यांसमोर नीट दिसावं एवढीच जबाबदारी असलेली माणसंही काही घरांत असतात, असो.

मूळचं हे बड्या घरचं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या आमदानीत, भिंतीलगतच्या अशा टेबलांचा थाट वाढला. व्हर्सायच्या त्याच्या राजवाड्यातला आरसेमहाल १६८४ साली पुरा झाला, तेव्हा त्यात चक्क चांदीचं फर्निचर मांडलं होतं, टेबलांसकट. १६८९ मध्ये लढाईचा खर्च निघेना म्हणून राजाने ते सगळं वितळवून नाणी पाडली. अडीअडचणीला घरातली चांदी मोडायची वेळ कुणावर कधी येईल, सांगता येत नाही.

पण मला खरी आवडतात ती त्याच्या नंतरची, पंधराव्या लुईच्या काळातली. त्यांतल्या कित्येकांना मागचे पायच नसतात! पुढे दोन वळणदार पाय, खाली येताना एकमेकांकडे झुकलेले, लाकडावर सोन्याचा वर्ख, वर संगमरवराची लादी, आणि मागची बाजू सरळ भिंतीला स्क्रूने जखडलेली. भिंतीवर जी लाकडी नक्षी असे तिचाच हा एक तुकडा. वरची लादीही शेकोटीच्या दगडाला जुळवून घेतलेली. घर बदललं तर हे टेबल बरोबर न्यायचं कसं? ते घराचंच, राहणाऱ्यांचं नव्हे.

शोभेचं म्हटलं तरी तेव्हा त्याला एक काम होतं. दोन उंच खिडक्यांमधल्या अरुंद भिंतीवर आरसा टांगायचा, त्याच्या खाली हे टेबल, त्यावर मेणबत्त्या. आरशात त्या दुप्पट होत आणि दिवाणखाना उजळे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तर टेबलाच्या खाली, मागच्या दोन पायांमध्येही आरसा बसवत. बायकांना आपला परकर बाहेर दिसतोय का ते पाहता यावं म्हणून तो असे, ही कथा तिकडे अजून हौसेने सांगतात. जाणकारांना ती पटत नाही. जमिनीचा आणि उजेडाचा भास वाढवायला तो आरसा होता, असं ते म्हणतात. मलाही तेच खरं वाटतं. परकर पाहायला एवढं वाकायचं तर तो तसाही दिसेलच की.

आपल्या मुंबईनेही एके काळी फर्निचरमध्ये नाव काढलं होतं. एकोणिसाव्या शतकात इथले कारागीर शिसवी लाकडावर असं दाट, जाळीदार कोरीव काम करत की टेबलाची कड क्रोशाने विणल्यासारखी दिसावी. युरोपीय आणि पारशी घरांत ते जाई. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने आजही लिलावात ते येतं. दिसायला राजेशाही, उचलायला चार माणसं, आणि धूळ काढायला कापड नव्हे, रंगाचा ब्रश. गोव्यात चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझांच्या घरासारखी लांबच लांब दालनं पाहिली की कळतं, असल्या फर्निचरला आधी मागे सरकून बघायला जागा लागते. आमच्या पॅसेजमध्ये मागे सरकलं की बाथरूमचं दार लागतं.

जुनं म्हणजे किती जुनं, याचा एक हिशेब आहे. पुरावस्तूंविषयीचा आपला १९७२ चा कायदा साधारण १०० वर्षांची अट घालतो. बाजारही अँटिक म्हणताना शंभरीच धरतो आणि त्याच्या आतल्याला व्हिंटेज म्हणतो. या न्यायाने आईच्या लग्नातलं स्टीलचं कपाट व्हिंटेज आहे, आणि हे तिला सांगितल्यापासून ते काढून टाकायचा विषय आमच्या घरात बंद झाला आहे.

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलात तर दुकानदार खरं तेच विचारतो, “अँटिक चाहिए या अँटिक लुक?” लुक सोपा असतो. शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड, वर संगमरवराची पट्टी, झालं कन्सोल. मला तो प्रकार मनापासून आवडतो. कारण मशीन चालवायचा पायटा अजून हलतो, आणि बूट घालताना कुणाचाही पाय नकळत त्यावर जातो. अर्धगोल टेबल दिसलं तर मात्र जरा थांबावं. ती जोडीने करत, दोन भिंतींना दोन. पण मोठं गोल टेबल मधोमध कापून दोन गिऱ्हाइकांना विकण्याची युक्तीही काही नवी नाही.

पारखायचं असेल तर पुढची नक्षी बघूच नये. टेबल ओढून मागे जावं, खाली वाकावं, खण पूर्ण बाहेर काढावा. भिंतीकडच्या बाजूला जुन्या सुताराने पॉलिश वाया घालवलेलं नसतं. तिथे रंध्याचे हलके खाचखळगे हाताला लागतात. खणाच्या कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले असले तर एकसारखे नसतात. लाकूड वर्षानुवर्षं सुकताना रेषांना आडवं आक्रसतं, म्हणून जुन्या गोल फळीला टेप लावला तर दोन दिशांची मापं थोडी वेगळी येतात. अगदी चोख गोल निघाली, तर वय विचारताना जरा हसावं.

नव्यांत आता काचेची, लोखंडाची, अ‍ॅक्रिलिकची आरपार दिसणारी, सगळी आहेत. दुकानातल्या फोटोत त्यावर एक फुलदाणी आणि दोन पुस्तकं असतात. आपल्याकडे सपाट जागा रिकामी राहिलेली मी पाहिलेली नाही. लाइटबिल, कुरिअरचं पाकीट, हेल्मेट, कढीपत्त्याची जुडी, हळदीकुंकवाचा करंडा, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. कोनाड्याचा हा गुण मात्र त्याने सोडलेला नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मला भिंतीला टांगलेलं, बिनपायांचं हवं होतं, म्हणजे खालून झाडू फिरतो. सुतारकाकांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली.

“ताई, ही सिपोरेक्सची भिंत, हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची. हिच्यात स्क्रूची साधी गिट्टी धरत नाही. वर संगमरवर म्हणताय, कुणी टेकलं की सगळं खाली.”

“मग चार पाय?”

“मागं पाय द्यायचे तर भिंतीच्या तळाच्या स्कर्टिंगसाठी त्यांना खाच मारावी लागंल. पुढं दोन देऊ. वजन त्यांच्यावर. मागं नुसती पट्टी, भिंतीला धरून राहायला.”

फ्रान्सच्या राजाकडे कामाला असते तर काकांचं बरं झालं असतं, असं मी म्हटलं. त्यांनी उंची विचारली. मी ३० इंच सांगितलं, वर गणपतीची छोटी मूर्ती ठेवू आणि खाली चपला राहतील, असंही सांगून टाकलं.

तोवर आई गप्प होती. “चपलांच्या डोक्यावर गणपती?” ती म्हणाली. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, प्लायच्या तुकड्यावरचं चित्र खोडलं आणि समोरच्या भिंतीवर टकटक करून पाहिलं.